जड सुरांची प्रार्थना

ख्रिस्ती रॉक बँडचा नवा अल्बम आधीच्यापेक्षा जड आणि अंधारा निघाला, की त्याच्याभोवती एक ठरलेला वाद उभा राहतो. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना वाटते, पोरे वाट चुकली. ऐकणाऱ्या तरुणांना वाटते, आत्ता कुठे ही माणसे खरे बोलू लागली. हा वाद मुख्यतः अमेरिकेतला. १९६९ साली लॅरी नॉर्मन याचा 'अपॉन धिस रॉक' हा अल्बम तिथे निघाला. ख्रिस्ती रॉकची सुरुवात बहुतेक जण त्यापासून धरतात, आणि तेव्हापासून हा वाद पिढीगणिक नव्याने पेटत आला आहे. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र फार जुना आहे. देवापुढे रडता येते का, आणि येत असेल तर किती मोठ्याने? पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या बारामती, इंदापूर आणि त्यांना लागून असलेल्या दौंड या तालुक्यांना हा प्रश्न नवा नाही. इलेक्ट्रिक गिटार जन्माला येण्याच्या कितीतरी आधी तो इथल्या मातीत विचारला गेला आणि गाऊन सोडवलाही गेला.

संगीतातला जडपणा कानाला कळतो. खालचा स्वर, दाट नाद आणि ठोक्याठोक्यातले वाढलेले अंतर यांतून तो तयार होतो. अंधार आशयात असतो. अपराधीपणा, व्यसन, मरण, संशय आणि सगळ्यांत अवघड म्हणजे देवाचे मौन, हे त्याचे विषय. भक्तिसंगीतात या दोन्ही गोष्टी बहुधा एकत्रच येतात. गाणाऱ्याला जे सोसवत नाही ते हलक्या चालीत मावत नाही.

स्तोत्रसंहितेतला अंधार

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांतली एक तृतीयांशाहून अधिक विलापाची आहेत, असे अभ्यासक मानतात. या विलापाला एक घाट असतो. आधी देवाला हाक, मग तक्रार, मग मागणी, आणि शेवटी भरवसा किंवा स्तुती. १३वे स्तोत्र याचा आटोपशीर नमुना आहे. अवघ्या सहा ओव्यांत गाणारा विसर पडल्याच्या तक्रारीपासून गाण्याच्या निश्चयापर्यंत येतो. ८८वे स्तोत्र तसे वळत नाही. ते हेमान एज्राही याच्या नावावर आहे. गाणारा मरणाच्या दारात बसून रात्रंदिवस देवाला हाका मारतो, उत्तर येत नाही, आणि स्तोत्र अंधारातच थांबते. पुढे कुणी दिलाशाची ओळ जोडली नाही. यहुदी आणि ख्रिस्ती परंपरांनी ते जसेच्या तसे जपले, उपासनेत वाचले, गायले. जड सुरांच्या ख्रिस्ती गाण्याला आधार शोधायचा असेल, तर याहून भक्कम आधार दुसरा नाही.

विलापगीत या पुस्तकात यरुशलेम शहराचा पाडाव झाल्यानंतरचा आक्रोश आहे. त्यातल्या पाच कवितांपैकी पहिल्या चार हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने बांधलेल्या आहेत. शहर बेचिराख झाले, माणसे उपाशी मेली, आणि कवी एकेका अक्षराला धरून दुःख मांडत जातो. आकांतालाही रचना लागते, हे या पुस्तकाइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते. शुभवर्तमानांत मत्तय आणि मार्क सांगतात, की वधस्तंभावर येशूच्या तोंडी आला तो २२व्या स्तोत्राचा आरंभ, आणि तो टाकून दिल्याची तक्रार करणारा आहे. म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या मध्यावरच विलाप उभा आहे.

उपासनेनेही त्याला जागा दिली. पवित्र आठवड्यातल्या तेनेब्री या जुन्या लॅटिन विधीत एकेक मेणबत्ती विझवत नेतात आणि अखेर अंधारात पुस्तके बाकांवर आपटून मोठा आवाज करतात. गोव्यात गुड फ्रायडेला चर्चची घंटा मुकी असते आणि लाकडी खटखट्याचा कोरडा, दणकट आवाज तिची जागा घेतो. तिथेच उपवासकाळातल्या मिरवणुकांत मोतेत ही दुःखगीते गायली जातात. थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात छापलेल्या मराठी 'ख्रिस्तपुराणा'तही ओवीछंदात ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे सविस्तर वर्णन आहे. देवळात मोठा, कर्कश, अंगावर येणारा आवाज झाला, तर तो बाहेरून घुसलेलाच असतो असे नाही.

पालखीच्या वाटेवरचा मुलूख

दक्षिणेला नीरा, उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, आणि इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा नरसिंहपूर इथे दोघींचा संगम, असा हा मुलूख. आज त्याचे नाव उसाशी आणि कारखान्यांशी जोडलेले असले, तरी नीरा डाव्या कालव्याचे पाणी येईपर्यंत हा अवर्षणाचाच पट्टा होता. बारामतीचा जिरायती भाग अजूनही पावसाकडे डोळे लावून बसतो. दुष्काळ इथल्या भक्तीच्या पार्श्वभूमीला कायम राहिला आहे.

बारामतीत अठराव्या शतकात मोरोपंत राहिले. आर्या वृत्तातल्या रचनांसाठी त्यांचे नाव गाजले, पण त्यांची 'केकावली' हे देवाला घातलेले आर्त साकडे आहे. मोरोपंत पंडित होते, छंदावर त्यांची हुकमत होती, आणि तरीही या रचनेत ते देवाशी वाद घालतात, त्याला त्याच्याच कीर्तीची आठवण करून देतात. दर आषाढीला याच गावातून तुकाराम महाराजांची पालखी जाते. वरवंडहून उंडवडी गवळ्याची, तिथून बारामती, पुढे काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण, मग सणसर, बेलवाडीचे गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटीवरून अकलूज. ही वाट ज्यांच्या नावाने चालते, त्या तुकोबांची १६३०च्या दुष्काळात पहिली बायको अन्नावाचून गेली, मूल गेले, व्यापार बुडाला. त्यांच्या अभंगांत विठ्ठलावर रुसणे आहे, त्याला खडसावणे आहे, आणि आपल्यापुरता देव संपला असे म्हणण्यापर्यंत गेलेली निराशाही आहे. वारकरी त्या अभंगांना निवडून बाजूला काढत नाहीत. तेही टाळाच्या ठेक्यावर, लाखोंच्या मुखाने गायले जातात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या मुलखात ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ क्राइस्ट या मंडळीचे मिशन आले. बारामती, इंदापूर, श्रीगोंदे आणि दौंड इथे त्यांनी ठाणी वसवली आणि शाळा, वसतिगृहे, दवाखाने चालवले. एकूणच मराठी मुलखातल्या मिशनांनी सोबत आणलेली गाणी इंग्रजी साच्याची होती. चाल तिकडची, शब्द मराठी. अडचण व्याकरणाची नव्हती, आघाताची होती. इंग्रजी चालीत जोर ठरावीक अक्षरांवर पडतो. मराठी शब्द तिथे बसवला, की दीर्घ अक्षर आखूड करावे लागते आणि ऱ्हस्व अक्षर ताणावे लागते. गाणे तोंडपाठ होते, पण अंगात भिनत नाही. स्तुतीच्या गाण्यात हे एक वेळ खपून जाते. विलापात खपत नाही, कारण रडणारा माणूस आपल्या बोलण्याच्या लयीतच रडतो.

देशी चालींबद्दल सुरुवातीच्या मिशनऱ्यांच्या मनात धास्ती होती. अभंगाची चाल आली की तिच्यामागून विठ्ठल येईल आणि ढोलकी आली की तमाशा येईल, असे त्यांना वाटे. पुढे अमेरिकेत इलेक्ट्रिक गिटारीबद्दल जे बोलले गेले, त्याचाच हा आधीचा अवतार.

तुकोबांच्या पुलावरून

ही कोंडी फुटली ती अहमदनगरच्या बाजूला. कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पूर्वरंगात विषयाचे निरूपण, उत्तररंगात बायबलमधले आख्यान, मधे पदे, साक्या, दिंड्या, आणि साथीला झांज, पेटी, तबला. कीर्तनाचा मोठा गुण असा, की त्यात रस बदलता येतो. कीर्तनकार श्रोत्यांना हसवता हसवता वधस्तंभापाशी आणून उभा करतो आणि तिथे लय उतरवतो.

पण विलापाला खरी भाषा दिली ती नारायण वामन टिळकांनी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा १८६१चा जन्म, संस्कृतचा व्यासंग, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा. या निर्णयाने संसार दुभंगला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या, पुढे परतल्या, आणि १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. त्या काळातली होरपळ लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे. टिळकांनी पुढे सांगितले, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. हे केवळ सौजन्याचे बोलणे नव्हते. त्यांची गीते उघडली की पुलाचे दगड दिसतात. अभंगाचा चरण, माउली म्हणून ख्रिस्ताला मारलेली हाक, लेकराचा हट्ट, आणि देव भेटत नाही म्हणून होणारी तगमग. 'अभंगांजली'त हा स्वर सतत ऐकू येतो. 'बापाचे अश्रू' ही तर विलापिकाच. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी हाती घेतले, पण १९१९च्या मे महिन्यात ते गेले आणि ते अपुरे राहिले. पुढचा बहुतेक भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला.

टिळकांनी मराठी ख्रिस्ती गाण्यात केलेला बदल दोन पातळ्यांवरचा आहे. चाल देशी झाली, हे सगळेच सांगतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाणाऱ्याला तक्रार करण्याची मुभा मिळाली. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात आजही त्यांची शेकडो गीते आहेत आणि बारामती-इंदापूरच्या मंडळ्यांपासून सोलापूर-जालन्यापर्यंत ती गायली जातात. ज्या गावांतून तुकोबांची पालखी जाते, त्याच गावांतल्या ख्रिस्ती उपासनेत तुकोबांच्या घाटणीचा अभंग गायला जातो, आणि दोन्हीकडे गाणाऱ्याचे दुःख एकाच छंदात बसलेले असते.

केडगावचा आकांत

पालखी यवतहून वरवंडला जाते, तेव्हा वाटेत चौफुला लागतो. तिथून थोड्या अंतरावर केडगाव. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन इथे उभे आहे. १८८९ साली मुंबईत सुरू केलेले शारदा सदन रमाबाईंनी पुढे पुण्यात आणले. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका आणल्या आणि केडगावच्या माळावर त्यांची सोय केली. १९००च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि आश्रमाची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. यांतल्या कित्येकींनी आई-बाप, भावंडे डोळ्यांदेखत उपासाने गेलेली पाहिली होती. पुष्कळ जणी बालविधवा होत्या. एवढे दुःख एका आवारात जमा झाले होते आणि त्याला वाचा नव्हती.

जून १९०५मध्ये ती फुटली. प्रार्थनेला बसलेल्या मुली एकाएकी रडू लागल्या, मोठमोठ्याने आपली पापे आणि दुःखे बोलू लागल्या, आणि शेकडो जणी एकाच वेळी प्रार्थना करू लागल्या. एक जण प्रार्थना करतो आणि बाकीचे ऐकतात, ही रीत मोडली. वर्ग थांबले, तासन् तास हा आवाज चालला. वाद्य एकही नव्हते. तरीही त्या काळच्या वर्णनांत पुन्हा पुन्हा येतो तो आवाजच: त्याचा भार, त्याची दाटी, त्याची न थांबणारी लाट. काही गोऱ्या मिशनऱ्यांना तो उन्माद वाटला. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. हिंदी बायका आपल्या रीतीने देवापुढे मन मोकळे करत असतील, तर त्यांना पाश्चात्त्य शिस्तीच्या मापाने मोजू नये, अशी त्यांची भूमिका होती. आयुष्यभर दुसऱ्यांनी घालून दिलेल्या मर्यादा नाकारत आलेल्या या बाईने इथेही आपला स्वभाव सोडला नाही, आणि मराठी धर्मजीवनाच्या इतिहासात या भूमिकेला मिळायला हवी तेवढी जागा अजून मिळालेली नाही.

लॉस एंजेलिस शहरात अझुसा स्ट्रीट इथे विल्यम सेमूर यांच्या नेतृत्वाखाली असेच जागरण सुरू झाले ते एप्रिल १९०६मध्ये. पेंटेकोस्टल या ख्रिस्ती चळवळीचा आरंभ बहुधा तिथून सांगितला जातो, पण केडगाव त्याच्या आधीचे आहे. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी एब्रम्स यांनी १९०६ साली या अनुभवावर पुस्तक लिहिले. ते दक्षिण अमेरिकेतल्या चिलीपर्यंत पोहोचले आणि तिथल्या १९०९च्या पेंटेकोस्टल चळवळीला कारण ठरले.

रॉकशी हा धागा जुळतो तो इथे. अमेरिकेतल्या पेंटेकोस्टल चर्चमध्ये टाळ्या, ढोल, गिटार, ओरडणे आणि नाचणे यांना मोकळीक होती. तिथेच वाढलेल्या सिस्टर रोझेटा थार्प यांनी इलेक्ट्रिक गिटार हातात घेऊन देवाची गाणी म्हटली. त्यांची १९४५मध्ये गाजलेली तबकडी रॉक अँड रोलच्या पूर्वजांत गणली जाते. एल्विस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, जेरी ली लुईस या सगळ्यांच्या लहानपणावर अशाच चर्चची छाया होती. चर्चमधून निघालेला आवाज बाजारात गेला आणि काही वर्षांनी ख्रिस्ती रॉक म्हणून चर्चच्या दारात परत आला, तेव्हा तो ओळखला गेला नाही. १९८०च्या दशकात प्रसिद्ध पेंटेकोस्टल प्रवचनकार जिमी स्वॅगर्ट यांनी ख्रिस्ती रॉकवर पुस्तक लिहून त्याला मेंढराच्या कातड्यातला लांडगा म्हटले. ते जेरी ली लुईसचे मावसभाऊ.

तारा सैल सोडल्या की

जड आवाज तयार कसा होतो? गिटारीच्या सगळ्यांत जाड तारेचा नेहमीचा स्वर सेकंदाला सुमारे ८२ कंपनांचा असतो. जड संगीतात ही तार दोन पूर्ण स्वर खाली उतरवून ६५ कंपनांपर्यंत आणण्याची पद्धत आहे. तार सैल पडली की बोटाखाली लडबडते, म्हणून अधिक जाड तारा चढवतात. मग हा स्वर अॅम्प्लिफायरमधून त्याच्या कुवतीबाहेर ढकलला जातो. नादलहरीचे शेंडे छाटले जातात आणि मूळ स्वरावर अनेक उपस्वर उभे राहतात. तोच तो खरखरीत, दाट नाद. एवढ्या दाटीत तीन-चार स्वरांचा मेळ वाजवला तर चिखल होतो, म्हणून वादक फक्त दोन स्वर घेतात, षड्ज आणि पंचम. तंबोऱ्यावर तारा बहुधा याच दोन स्वरांत लावतात. गंधार नसल्यामुळे सूर ना हसरा ना रडका. त्याला रंग देते ते गाणाऱ्याचे तोंड.

उजव्या तळव्याची कड तारांवर टेकवून आघात केला, की नाद दबतो आणि ठोका उरतो. खाली दोन पायांनी वाजणारा मोठा ढोल. आणि गाण्याच्या ऐन भरात लय अर्ध्यावर आणतात. ठोके तेवढेच जोरकस, पण त्यांच्यातले अंतर दुप्पट. ऐकणाऱ्याचे शरीर आधीच्या गतीची वाट पाहत असते, ती येत नाही, आणि प्रत्येक ठोका अंगावर पडतो. वारकरी भजन याच्या उलट दिशेने, संथ लयीकडून द्रुत लयीकडे जाते. ओरडून गाण्याचेही तंत्र आहे. खऱ्या स्वरतंतूंच्या वर असलेल्या पडद्या कापवून तो घोगरा आवाज काढतात. तंत्र न शिकता नुसतेच ओरडले, तर गळा चार दिवसांत बसतो.

पखवाज वाजवणाऱ्याला यातली निम्मी विद्या आधीच ठाऊक असते. भजनाला बसण्यापूर्वी तो कणकेचा ओला गोळा घेतो, डाव्या पुडीच्या मध्यावर थापतो, बोटाने कडा पसरतो आणि थाप मारून पाहतो. आवाज वर असेल तर आणखी चिमूटभर कणीक, फारच बसला तर थोडी काढायची. पुडीच्या मध्यावरचे वजन वाढले की कंपने कमी होतात आणि स्वर खाली येतो. गिटारवाला तार सैल सोडून आणि जाड करून जे साधतो, ते पखवाजी कणकेने साधतो. भजन संपले की कणीक खरवडून काढतात, कारण ती वाळली तर पुडी खराब होते. दुःखाच्या अभंगाला हा खालचा घुमारा नसेल तर अभंग पोकळ वाटतो, हे या भागातल्या कुठल्याही भजनी मंडळात ऐकायला मिळेल.

एका अल्बमची गोष्ट

फ्लोरिडातल्या अंडरओथ या बँडची गोष्ट इथे सविस्तर सांगण्याजोगी आहे. २००४ साली त्यांचा 'दे आर ओन्ली चेसिंग सेफ्टी' हा अल्बम आला. गायक स्पेन्सर चेंबरलेन नवा होता, गाणी ओठांवर बसणारी होती आणि खप मोठा झाला. तोच साचा पुन्हा वापरणे सोपे होते. २००६च्या जूनमध्ये आलेल्या 'डिफाइन द ग्रेट लाइन'मध्ये बँडने तो मोडला. गिटारी खाली उतरल्या, गोड धृपदे कमी झाली, गाण्यांची लांबी वाढली, आणि चेंबरलेनचा आवाज घशाच्या तळातून येऊ लागला. विषय होते स्वतःची घृणा, खोटेपणा, आणि देवाला सामोरे जाता न येणे. यातल्या एका तुकड्याला स्तोत्रांचे नाव दिलेले आहे. हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर उतरला. एवढ्या जड ख्रिस्ती अल्बमने असे स्थान मिळवावे, याची कंपन्यांनाही सवय नव्हती.

त्याच उन्हाळ्यात बँडला एक मोठा दौरा अर्ध्यावर सोडावा लागला. चेंबरलेन व्यसनात अडकला होता, हे पुढे त्याने स्वतः सांगितले. म्हणजे गाण्यातला अंधार कुठल्या शैलीतून उसना घेतलेला नव्हता. २००८चा 'लॉस्ट इन द साउंड ऑफ सेपरेशन' आणि २०१०चा अल्बम याच वाटेने आणखी खोल गेले. २०१३च्या सुरुवातीला बँड मोडला, काही वर्षांनी पुन्हा एकत्र आला, आणि २०१८च्या 'इरेझ मी'च्या वेळी सदस्यांनी सांगितले, की आता हा ख्रिस्ती बँड नाही. जड संगीताने श्रद्धा खाल्ली, असा निष्कर्ष काहींनी काढला. तो घाईचा आहे. त्या माणसांना व्यसन, बाजाराचे ओझे आणि सदोदित आदर्श दिसण्याची सक्ती यांनी पोखरले होते. अंधारी गाणी ही त्यांची त्या काळातली सगळ्यांत प्रामाणिक प्रार्थना होती.

नॅशव्हिलच्या रेड या बँडने दुसरी वाट घेतली. २००९च्या 'इनोसन्स अँड इन्स्टिंक्ट'ला दान्तेच्या नरकवर्णनाची प्रेरणा आहे आणि जड गिटारींबरोबर व्हायोलिनचा ताफा आहे. २०१३च्या अल्बममध्ये त्यांनी व्हायोलिन सोडली आणि आवाज सपाट झाला. २०१५च्या 'ऑफ ब्यूटी अँड रेज'मध्ये ती परत आली, सोबत अंधारही परत आला. हा बँड श्रद्धेवर ठाम राहिला. दोन बँड, सारखाच जडपणा, आणि शेवट निराळे. आवाजावरून श्रद्धेचा निवाडा करता येत नाही, याला एवढा पुरावा पुरे.

गुड फ्रायडेची दुपार

बारामती-इंदापूरच्या मंडळ्यांत गाण्याचा भार अजूनही मुख्यतः पेटी, ढोलकी, तबला आणि झांजेवर आहे. कीबोर्ड आला आहे, आणि त्यात भरलेले तयार ठेके वापरले जातात. प्रार्थना सभांना भाड्याचा साउंड आणतात. बेस, टॉप, मिक्सर सगळे तेच, जे आदल्या दिवशी वरातीला वाजलेले असते. या यंत्रणेत खालचा आवाज भरपूर मिळतो, पण तो नाचाच्या ठेक्यासाठी बसवलेला असतो. त्यावर विलापाचे गीत लावले, की शब्द बुडतात. जाणता माणूस मिक्सरवर असेल तर तो आधी बेस खाली घेतो, एको काढून टाकतो आणि ढोलकीचा माइक दूर सरकवतो.

गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन अशी उपासना चालते. वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर एकामागून एक मनन होते आणि प्रत्येक मननानंतर गीत. चौथा उद्गार टाकून दिल्याच्या तक्रारीचा. बाहेर एप्रिलचे ऊन, बाया पांढऱ्या साड्यांत, पत्र्याखाली पंखे फिरत असतात. गीत सुरू होते तेव्हा पेटीवाला भाता संथ ओढतो आणि पट्टी नेहमीपेक्षा खाली घेतो, कारण तीन तास गायचे असते आणि म्हाताऱ्या माणसांना वरचा सूर झेपत नाही. ही सोय आहे, पण तिचा परिणाम संगीताचाच. सगळ्या मंडळीचा आवाज खाली येतो, दाट होतो, आणि ढोलकीचा डावा हात मोकळा सुटतो. कोमल ऋषभ-धैवताच्या चाली या दिवसासाठी राखलेल्या असतात. मधे कुणाच्या घरात वर्षभरात मयत झालेली असेल, तर त्या बाईचा आवाज एखाद्या ओळीला फुटतो. शेजारची तिची ओळ उचलते आणि गाणे थांबत नाही.

ही गीते जपण्याची सोय मात्र अपुरी आहे. पुस्तकात शब्द छापलेले असतात, वर चालीचा किंवा रागाचा उल्लेख असतो. स्वरलिपी नेहमी नसते. चाल कानोकान जाते. नाताळची आणि लग्नाची गाणी तरुण मुले हौसेने ध्वनिमुद्रित करतात. कीबोर्डवर ट्रॅक बनतो, मोबाइलवर चित्रफीत निघते आणि आठवड्याभरात ती गावोगाव पोहोचते. विलापाच्या गीतांना हे भाग्य कमी लाभते, कारण ती लग्नात चालत नाहीत. एखाद्या मंडळीत उपवासकाळातल्या चाली दोन-तीन वयस्कर माणसांनाच येत असतात. ती गेली की पुस्तकातले पान शाबूत राहते आणि गीत बंद पडते. ती मुद्रित करून ठेवायला स्टुडिओ लागत नाही. बंद खोलीत पंखा थांबवून, पेटीपासून दोन हातांवर मोबाइल ठेवून, म्हाताऱ्या गायकाला त्याच्या पट्टीत सगळी कडवी म्हणायला लावली आणि आरंभी गीताचा क्रमांक व चालीचे नाव बोलून घेतले, तरी पुढच्या गाणाऱ्याला पुरेसे होते. ठेका धरायला कुणी असेल तर ढोलकी वेगळी मुद्रित करावी. डाव्या पुडीचा आवाज मोबाइलच्या माइकमध्ये नीट येत नाही आणि या गाण्यांचे निम्मे वजन त्याच पुडीत असते.